बाई आजारी होत्या तेव्हा

सरकारी दवाखान्यात, औषधांच्या खिडकीमागे, एक अरुंद खोली होती. दर मंगळवारी दुपारी तिथे सात-आठ माणसं जमायची. प्रत्येकाला दोन दुखणी, एक व्यसनाचं आणि एक मनाचं. ही खोली बाईंनी डॉक्टरांच्या मागे लागून मिळवली होती. बाई एके काळी शाळेत गणित शिकवायच्या. दारूपायी नोकरी गेली, आणि दारू सुटल्यावर तिच्याआड दडलेलं नैराश्य उघडं पडलं. सहा वर्षं त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता. गोळ्या मात्र रोज घ्यायच्या.

टर्नर पहिल्यांदा आला तो वहिनीच्या मागे मागे. चाळिशीचा माणूस, लेथवर लोखंड कातणारा. आई गेल्यावर वहिनीनेच त्याला वाढवलेलं.

"बोल रे, बाईंना सांग," वहिनी म्हणाली.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मशीनवर असलो की कानात कुणीतरी बोलतं. माप चुकलं, माप चुकलं. प्यालो की गप्प बसतं. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, आधी डोकं ठीक करून या. डोक्याचे डॉक्टर म्हणतात, आधी दारू सोडा. मी जाऊ कुठे?"

"मलाही दोन्हीकडून हाकललं होतं," बाई म्हणाल्या. "बस इथे."

तो बसला, आणि अकरा महिने बसत राहिला. दारू सुटली. गोळ्यांनी आवाज पूर्ण गेले नाहीत, पण लांब गेले, "शेजारच्या घरात रेडिओ चालू असल्यासारखे." त्याला पुन्हा काम मिळालं. कधी कधी बाईंना चिडवायचा, "तुमचं गणित आणि माझं माप, दोन्ही एकदा चुकलीत." बाई खळखळून हसायच्या.

मग बाईच आजारी पडल्या. काही घडलं नव्हतं. एका सकाळी उठवेचना. पाय खाली टाकायचे एवढंसं काम, तेही होईना. फोन बंद करून त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. कुणाला कळवलं नाही; खोलीची एकच किल्ली, तीही त्यांच्याकडेच राहिली. दुसऱ्यांना आधार देणाऱ्या बाईंनी अंथरूण धरलंय, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी दार वाजलं. "बाई, मी आहे, टर्नर. एक विचारायचं होतं." त्यांनी आवाज ओळखला. दार दहा पावलांवर होतं. तो बराच वेळ थांबला, मग म्हणाला, "बरं, झोपला असाल. येतो पुन्हा."

तो पुन्हा आला नाही.

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी, बाई कशाबशा खोलीपाशी गेल्या, तर बंद दारासमोर वहिनी एकटीच बसलेली.

"तुम्हाला सांगायला आले," ती म्हणाली. "भाऊजी गेले."

मंगळवारची बैठक बंद पडल्यावर तो दारू सोडलेल्यांच्या दुसऱ्या एका मंडळात जाऊ लागला होता. तिथे एका भल्या माणसाने मायेने सांगितलं, गोळ्या म्हणजे तरी काय, नशाच. सोडायचं तर सगळंच सोड. त्याने सोडल्या. आठ-दहा दिवसांत आवाज परत घरात आले. एका सकाळी डबा न घेताच निघाला आणि कानांवर हात ठेवून मोठ्या रस्त्यावर उतरला. ट्रकवाल्याने ब्रेक मारला होता.

"दारूचा थेंब नव्हता हो पोटात," वहिनी म्हणाली. "डॉक्टरांनी लिहून दिलंय. लोक म्हणतात, प्यायला असेल. मी सगळ्यांना तो कागद दाखवते."

बाईंना गप्प राहता आलं असतं. त्या म्हणाल्या, "तो माझ्याकडे आला होता. मी घरात होते. दार उघडलं नाही."

वहिनीने विचारलं, "उघडलं असतं तर काय सांगितलं असतं?"

"गोळ्या सोडू नकोस."

"एवढंच?"

"एवढंच."

वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि उठून गेली. ती पुन्हा कधी आली नाही.

त्या संध्याकाळी बाई दारूच्या दुकानासमोरच्या बाकावर तासभर बसल्या. मग गटातल्या चांभारकाकांना फोन केला. काका शिवायला घेतलेली चप्पल अर्धी टाकून आले, शेजारी बसले.

"आम्ही होतो ना बाई," ते म्हणाले. "तुम्ही पडलात हे एकाला जरी कळवलं असतंत, तर कुणीतरी खोली उघडून बसलं असतं."

"लाज वाटली."

"आम्हाला लाज सोडायला शिकवलंत, आणि स्वतः?"

बाई रडल्या, सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणासमोर. काकांनी त्यांना घरापर्यंत सोडलं.

आता खोलीच्या दोन किल्ल्या आहेत. एक बाईंकडे, एक काकांकडे. कुणी एखाद्या मंगळवारी दिसलं नाही की दुसरा त्याच्या घरी जातो, बाईंच्यासुद्धा. नवीन माणूस आला की बाई त्याला टर्नरची हकिगत सांगतात, आपलं न उघडलेलं दार न गाळता. ऐकून काही जण पुन्हा फिरकत नाहीत. जे येतात ते गोळ्यांचं पाकीट सोबत आणतात, टेबलावर ठेवतात आणि बोलायला लागतात.