संध्याकाळी गळणारा कार्बोरेटर

मी एक जुना कार्बोरेटर आहे. मित्रांनो, हे नाव ऐकून तोंड वाकडे करू नका. टाकीतले पेट्रोल आणि बाहेरची हवा यांचे नेमके मिश्रण करून मोटारसायकलच्या इंजिनाला घास भरवणारा तो मी. लोक टाकीवरून हात फिरवतात, हॉर्नचे कौतुक करतात, आणि माझी आठवण त्यांना होते ती मी बिघडलो की. तर मी बिघडलोच होतो. आणि माझ्या बिघाडामुळे एका घरातून कायमचा गेलेला माणूस रोज संध्याकाळी परत येत असे.

आधी माझ्या पोटातले सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. माझ्या तळाशी एक वाटी आहे. तिच्यात पेट्रोलवर तरंगणारी पितळेची पोकळ डबी असते, तिला फ्लोट म्हणतात. पेट्रोल वाढले की फ्लोट वर येतो, एक बारीक सुई वर ढकलतो आणि पेट्रोलची वाट बंद करतो. पाण्याच्या टाकीत तरंगणारा चेंडू तुम्ही पाहिला असेल, अगदी तसेच. फ्लोट पुरेसा वर आलाच नाही, तर पेट्रोल चढत जाते आणि नळीवाटे जमिनीवर टपकते. टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद करेपर्यंत ते टपकतच राहते.

माझे मालक रेडिओ दुरुस्त करत. त्यांनी दिलेला डाख, म्हणजे धातू वितळवून जोडलेला सांधा, सात गावांत प्रसिद्ध होता. एकदा माझ्या फ्लोटला सुईच्या टोकाएवढे भोक पडले. मालकांनी तो गरम पाण्यात बुडवून आतले पेट्रोल पार काढून टाकले, आणि मग फुंकर मारत मारत त्यावर डाख दिला. किती सुंदर दिला म्हणून सांगू! आरशासारखा चकचकीत, गोल, आणि चांगला भरघोस.

त्या दिवसापासून मी गळू लागलो.

गॅरेजवाले काका आले. सगळे त्यांना नटबोल्टकाका म्हणत. त्यांनी सुई बदलली, वाटी धुतली, नळ्या फुंकल्या. फ्लोट मात्र हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. "ह्याला तुमचा डाख आहे म्हटल्यावर तिकडे बघायचंच कशाला?" असे म्हणून त्यांनी मला बंद केले. मालकांनाही ते पटले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला तो प्रकार. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण आमच्या जातीला आवाज इंजिनाचाच.

मग मालकांनी सवय लावून घेतली. घरी आले की आधी कॉक बंद करायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने माझ्या वाटीवर दोन टिचक्या मारायच्या. टक् टक्. तरी तोवर चार थेंब सांडलेले असत, हाताला वास लागलेला असे. मालकीणबाई आतूनच म्हणत, "आला वाटतं पेट्रोलपंप!" मालक हसत हसत पाय पुसत. अकरा वर्षे रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला हे असेच चालले. मी त्या घराचे घड्याळ झालो होतो म्हणा ना.

एका दुपारी मालक दुकानातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काकांनी मला हाताने ढकलत घरी आणले. कॉक बंदच होता. मालकांनी सकाळी दुकानापाशी बंद केलेला तो कॉक पुढे तीन महिने कुणी उघडला नाही. माझ्या पोटातले पेट्रोल उडून गेले, तळाशी चिकट पिवळा थर उरला. माझी जागा स्वयंपाकघरामागच्या पडवीत होती. पलीकडे आंघोळीच्या पाण्याचा स्टोव्ह. आतल्या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नसे. माझ्याशी तर कुणीच बोलत नसे.

मालकांची लेक पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर तपासणीच्या कामाला होती. दारोदार फिरायचे काम, म्हणून तिने मला पुन्हा चालू करवून घेतले. काकांनी मला धुतले, नवी सुई बसवली. फ्लोटवरचा डाख पाहून त्यांनी डोळे टिपले आणि तो जसाच्या तसा आत ठेवला. लेकीला वडिलांची शिकवण पाठ होती. घर आले की कॉक बंद, दोन टिचक्या. ती एकदाही विसरली नाही.

तरीसुद्धा रोज सातच्या सुमाराला माझ्याखाली ओला डाग दिसू लागला.

लेकीने काकांना बोलावले. काकांनी कॉक उघडून बंद करून पाहिला. "कॉक ठणठणीत आहे, ताई. बंद कॉकमधून पेट्रोल कसं येईल? मला तर काही समजत नाही बुवा." शेजारीण मात्र सगळे समजल्यासारखी कुजबुजली, "जीव अडकलाय त्यांचा गाडीत." लेकीने तिला उडवून लावले. पण एका संध्याकाळी ती न्हाणीघरात तोंड धूत असताना पडवीतून आवाज आला. टक् टक्. तिच्या हातातला तांब्या खाली पडला. ती बाहेर आली तेव्हा पडवीत कुणी नव्हते. माझ्या नळीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, आणि वास सगळ्या घरात पसरला होता.

पहिल्या दिवशी मीही दचकलो होतो. हात तसाच हलका, टिचक्या तशाच दोन. मला वाटले, आले. मग बांगड्या वाजल्या. मालकीणबाई होत्या. त्या कॉक उघडायच्या, टिचक्या मारायच्या आणि स्टुलावर डोळे मिटून बसायच्या. मी माझ्या जड फ्लोटला आवरू शकत नव्हतो. थेंब थेंब पडत राहायचा. वास चढला की त्या अगदी हळू म्हणायच्या, "आला पेट्रोलपंप." आणि लेक पडवीत येण्याआधी कॉक बंद करून आत जायच्या. खरे सांगतो, त्या वेळी मला माझ्या गळण्याचा अभिमान वाटे. आज त्याची लाज वाटते.

मीटर तपासणाऱ्या लेकीने शेवटी आपल्या कामाची रीत धरली. गळती शोधायची तर आधी नळ कोण सोडतेय ते पाहायचे. तिने कॉकवर खडूची एक रेघ ओढली. कॉक हलला तर रेघ तुटणार. आणि माझ्या नळीखाली एक बाटली ठेवली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी ती बाटली बाजूला सारली. बाटलीत वास कोंडत होता ना! कॉक उघडला, टिचक्या मारल्या, आणि स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. त्या रात्ररात्र झोपत नसत, हे मला ठाऊक होते. पेट्रोल फरशीवर पसरले. फरशीचा उतार स्टोव्हकडे होता. मी गळत होतो, आणि थांबता येत नव्हते.

लेक आंघोळीचे पाणी तापवायला आली. काडी पेटीतून काढून तिने बोटात धरली होती. ती स्टोव्हपाशी वाकली, आणि मग सवयीने तिची नजर माझ्याकडे वळली. रेघ तुटली होती. बाटली कोरडी, फरशी ओली, आणि त्या ओलीत आईचे पाय.

तिने काडी मुठीत दाबून मोडली. कॉक बंद केला, आईला हाताला धरून अंगणात आणले, सगळी दारे उघडली.

"आई, रोज तूच उघडतेस?"

"हो."

"कशाला गं?"

"वास आला की वाटतं, हे आले. दारात पाय पुसतायत. तेवढंच गं. मग बंद करते ना मी."

"आई, मी आत्ता काडी ओढणार होते. तुझ्या पायाशी."

मालकीणबाईंनी तिच्या मुठीतली मोडकी काडी पाहिली. "अगं बाई," एवढेच म्हणाल्या आणि खाली बसल्या. मग दोघी रडल्या. मालक गेल्यापासून त्या दोघी एकत्र रडल्याचे मी प्रथमच पाहिले.

रविवारी सकाळी लेकीने अंगणात मला स्वतः उघडले. तिने नवा फ्लोट आणला होता. एका भांड्यात पेट्रोल घेऊन तिने दोन्ही फ्लोट शेजारी शेजारी सोडले. नवा वर तरंगला. मालकांचा गळ्यापर्यंत बुडाला. "बघ आई, बाबांचा डाख जड झालाय. म्हणून अकरा वर्षं गळत होता हा!"

मालकीणबाई डोळे पुसत हसल्या. "ह्यांचा हात कायम सढळ. चहात साखर काय, डाख काय."

जुना फ्लोट त्यांनी मागून घेतला आणि कपाटात मालकांच्या रुमालांत ठेवला. आठवडाभर त्याला वास होता म्हणे. मग तोही गेला.

मित्रांनो, एक विनंती आहे. यंत्र गळत असेल तर त्याचा प्रत्येक भाग उघडून पाहा. आपल्या लाडक्या माणसाचा हात जिथे लागला असेल, तोही पाहा. त्यात त्याचा अपमान नसतो. आणि यंत्रासारखीच घरातल्या माणसांचीही विचारपूस करा. मला उघडून पाहायला तिघे आले. स्टुलावरच्या बाईला कुणी विचारले नाही.

मी आता उत्तम चालतो. काका माझी वाखाणणी करतात. संध्याकाळी सहाला मालकीणबाई अजून पडवीत येतात. कॉकला हात लावत नाहीत, लेकीला शब्द दिला आहे. फक्त दोन टिचक्या मारतात. टक् टक्.

परवा माझ्याने राहवले नाही. सगळा जोर लावला. एक थेंब, एकच. पण पेट्रोल नळीच्या तोंडापर्यंत चढेना. कॉक बंद होता, आणि नव्या फ्लोटने सुई घट्ट दाबून धरली होती. मालकीणबाई वाकून थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी पदराने माझी कोरडी वाटी पुसली आणि म्हणाल्या, "राहू दे. चहा टाकते." आणि आत गेल्या.