पुष्पाबाईंची चंद्रावरची टेकडी

आईच्या वाढदिवसाला हेमांगीने अहमदाबादहून साडी नाही, फोटो पाठवला. चंद्रावरच्या खड्ड्याचा! खड्डा तसा लहानच, पाऊण किलोमीटर रुंद. पण कडा अजून धारदार, आणि भोवती उडालेल्या मातीचे पांढरे फराटे. दोन वर्षं पोरगी तिथल्या अंतराळ केंद्रात नोकरीला राहून त्याचाच अभ्यास करत होती; ते फराटे कसे पडले, हे तिने फोनवर आईलाही समजावलं होतं. पुष्पाबाईंनी धुळ्यात चांगली फ्रेम करवून तो पुढच्या खोलीत लावला.

शेजारच्या भिकुबाईंनी तो पाहिला आणि पदर तोंडाला लावला. "पगार लिसन खड्डा मोजस तुन्ही पोर? आपला गल्लीमा ये म्हना, फुकट शेतस!"

गल्ली आठवडाभर हसली. पुष्पाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एकदा पुसायला काढलेली फ्रेम त्यांच्या हातून उलटी टेकवली गेली, आणि काय नवल! सावल्या खालच्या बाजूला आल्या नि खड्डा चक्क वर फुगलेला दिसू लागला. डोळ्यांची फसगतच, पण किती सोयीची! बाईंनी दोरी दुसऱ्या बाजूला बांधली आणि गल्लीत सांगून टाकलं, की पोरीला बढती मिळाली, आता तिच्याकडे टेकडी आहे. भिकुबाईंना बोलायला जागाच उरली नाही. देवसुद्धा टेकडीवरच बसतात, खड्ड्यात कोण बसतं?

उडदाचे पापड लाटायला बाया जमल्या त्या दिवशी हेमांगी न कळवता दारात उभी राहिली.

"ये व बाई," भिकुबाई म्हणाल्या, "तुन्ही टेकडी देखी आम्ही!"

हेमांगीने भिंतीकडे पाहिलं. हसून काही सांगणार, तोच तिची नजर आईकडे गेली. आईने मान खाली घातली होती. पोरीला सगळं कळलं.

"हो, टेकडीच आहे," ती हळूच म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

एवढंसं झालेलं ते तोंड पुष्पाबाईंना बघवेना. आपल्यासाठी पोरगी खोटं बोलली, तेही स्वतःच्याच कामाबद्दल! हातातलं लाटणं टाकून त्या स्टुलावर चढल्या आणि पिठाच्या हातांनीच त्यांनी फ्रेम फिरवली.

"अक्का, हाई टेकडी नही. खड्डा शे. मन्ही पोरनी मोजेल शे."

भिकुबाई फोटोकडे बघतच राहिल्या. "मंग इतला दिन टेकडी काबर सांगं?"

"माले लाज वाटे," पुष्पाबाई म्हणाल्या. "खड्डानी. आते मन्हीच लाज वाटस माले."

हेमांगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. पुष्पाबाईंना तिच्याकडे बघायचा धीर होईना. स्टुलावरून उतरून त्या पुन्हा पोळपाटाशी बसल्या.

पोरगी जवळ येऊन मांडी घालून बसली. "आई, ते फराटे कसे पडले, तेही सांग ना ह्यांना," ती म्हणाली.