हंबरडा

"हंबरडा कुणी फोडला?" इस्त्री उचलत वहिनीने विचारलं.

"तू," भाऊजी म्हणाले. "म्हणजे, कथेतली तू."

"हंबरडा गाय फोडते, भाऊजी."

भाऊजी लेखक आहेत. वहिनी इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी असते. तिचा नवरा म्हणजे यांचा थोरला भाऊ. तो गेल्या वर्षी वारला आणि भाऊजींना विषय मिळाला. कथा छापून आली, लोक रडले. आज संध्याकाळी सभागृहात ते ती वाचणार होते. त्यासाठीचा शर्ट घेऊन दुकानात आले होते. फुकट.

कथेतलं असं:

हॉस्पिटलातून फोन येतो. आभाळ भरून येतं. (भाऊजींच्या कथांत आभाळाला दुसरा उद्योग नसतो.) तिच्या हातातली इस्त्री तशीच राहते. ती हंबरडा फोडते. शर्ट जळत राहतो.

दुकानातलं असं:

फोन वाजला. ऊन होतं. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर अर्धी झाली होती. ती फोनवर "बरं" म्हणाली. मग उरलेली कॉलर केली.

एवढंच. यात कथा नाही, असं भाऊजींचं मत.

"आणि शर्ट जाळलात वर!" वहिनी म्हणाली. "माझ्या हातून आजवर रुमाल जळलेला नाही. सभागृहात माझी गिऱ्हाइकं बसलेली असणार."

"वहिनी, वाचकाला भावना लागतात गं."

"मग मला नव्हत्या?"

"होत्या ना! पण त्या दिसायला नकोत? 'बरं' म्हणाली आणि कॉलर करत बसली, असं लिहिलं तर लोक म्हणतील, बाई आहे की दगड."

"म्हणू देत."

"आणि दादाला काय वाटेल?"

मेलेल्या माणसाला काय वाटेल, हे भाऊजींना नेहमी पक्कं ठाऊक असतं. दादा जिवंत होता तेव्हा ते हॉस्पिटलात आले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. याला ते निरीक्षण म्हणतात.

"तेवढा एक शब्द वाचू नका," वहिनी म्हणाली. "बाकी शर्ट जाळा, दुकान जाळा, माझं काही म्हणणं नाही. पण मी ओरडले नाही, भाऊजी. ते माझं आहे."

"अगं, त्याच शब्दाला तर लोक रडतात!"

ती त्यांच्या शर्टाची बाही उलटवू लागली.

भाऊजी दुकान न्याहाळत राहिले. मागच्या खुंटीवर एक निळा शर्ट होता. चुरगळलेला. इस्त्रीच्या दुकानात, चुरगळलेला.

"हा कुणाचा?"

उत्तराआधीच त्यांना कळलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडायची दादाची सवय होती, त्या दुमडी अजून तशाच होत्या. पाठीवर खुर्चीत रेलल्याच्या चुण्या. हॉस्पिटलात जायच्या दिवशी त्याने काढून टांगला होता, तो तिथेच होता.

भाऊजींचे डोळे भरले. खरोखर भरले, उगाच अन्याय नको. आणि भरल्या डोळ्यांनीच ते जवळ सरकले, मान तिरकी केली, ओठ हलवू लागले.

"सगळ्या कडक शर्टांत..." ते पुटपुटले. "एकच शर्ट... एकच..."

वहिनीने त्यांचा शर्ट बाजूला सारला. खुंटीवरचा निळा काढला, टेबलावर पसरला आणि त्याच्यावर पाणी शिंपडलं.

"वहिनी! अगं, काय करतेस? राहू दे! तसाच किती छान आहे तो!"

छान.

तिने आधी कॉलर केली. मग पाठ. मग डावी बाही. कोपरापाशी इस्त्री जराशी थांबली, आणि पुढे गेली. वाफ आली. मग उजवी.

घडी घालून तिने तो गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यात, मधोमध सरकवला. वरून हात फिरवला. कुठला ते आता कुणालाही सांगता आलं नसतं.

मग भाऊजींचा शर्ट पुढे ओढला.

"घडी घालू," तिने विचारलं, "की हँगरवर नेता?"