चाळणीच्या कोपऱ्यातली हवा

अक्काच्या कारखान्याला कारखाना म्हणणं म्हणजे मांजराला वाघ म्हणणं. एक लांबट खोली, तिच्या मागे पत्र्याची शेड, आणि खोलीच्या मधोमध भट्टी. भट्टीवरच्या कढईत जुनं शिसं वितळायचं, साच्यांत ओतलं जायचं आणि गाडीच्या चाकांना तोल साधायला लावतात ती बोटभर वजनं तयार व्हायची. भट्टीवर अक्का स्वतः, साच्यांवर दोन बायका, आणि उरलेल्या सगळ्या कामांना अक्काचा धाकटा भाऊ. वय बेचाळीस, पोट सुटलेलं, डोक्यावर केस मोजके, तरी पोस्टमनपासून सासुरवाडीपर्यंत सगळे त्याला बारक्याच म्हणत.

भट्टी त्यांच्या वडिलांची. तेव्हा तिच्यावर धुराडं नव्हतं आणि शिशाच्या धुराने वडील अखेरच्या दिवसांत हातात पाण्याचा पेलासुद्धा धरू शकत नव्हते. पाठोपाठ आई गेली. जाताना तिने अक्काचा हात धरून एकच सांगितलं, बारक्याला त्या धुरात उभं करू नकोस. अक्काने पहिल्या कमाईतून भट्टीवर धुराडं बसवलं, त्यात पंखा घातला आणि तरीही बारक्याला कधी भट्टीच्या पाच पावलांत येऊ दिलं नाही. तळहाताच्या फोडासारखं जपलं म्हणतात ना, तसं. त्याला हौस होती भट्टीची. ऐन पंचविशीत त्याने दोनदा झाऱ्याला हात घातला आणि दोन्ही वेळा अक्काने तो हातावर मारून काढून घेतला.

म्हणून बारक्याकडे आलं ते सावलीतलं काम. वितळलेल्या शिशावर दुधावर यावी तशी करडी साय धरते. अक्का ती झाऱ्याने काढून पत्र्याच्या घमेल्यात टाकायची. निवली की बारक्या घमेलं शेडच्या कोपऱ्यात न्यायचा आणि चाळायचा. वर राहिलेले शिशाचे खडे पुन्हा कढईत, खाली पडलेली भुकटी पोत्यात. मग दिवसातून चारदा झाडू. ना धग, ना धूर. बसून करायचं काम, असं अक्का दहा जणांना सांगायची.

आणि एवढं सोपं काम त्याच्याकडून होईना, हे तिचं गेल्या दीड वर्षातलं दुखणं. बारक्या दुपारी भिंतीला टेकून बसून राहायचा. पोटात कळा येतात म्हणायचा, गुडघे दुखतात म्हणायचा, सांगितलेलं विसरायचा. पूर्वी दिवसभर साच्यांवरच्या बायकांना हसवणारा माणूस, तो आता कुणी हाक मारली तरी वसकन अंगावर यायचा. अक्काची जीभ मुळातच धारेची. बसून खाल्लं की अंगात आळस मुरतो, असं ती त्याच्या देखत आणि त्याच्या बायकोच्याही देखत म्हणायची. भावजय बिचारी मान खाली घालून ऐकून घ्यायची. बारक्याही अक्काला मात्र कधी उलट बोलायचा नाही, आणि तिला त्याचा जास्तच राग यायचा.

वजनं घेणाऱ्या कंपनीने त्या वर्षी नवीन टूम काढली. कामगारांच्या नाकातोंडात किती शिसं जातं ते मोजून घ्या, मगच माल उचलू. ठरल्या दिवशी हवा मोजणाऱ्या बाई आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, सगळं दोनदा तपासणाऱ्या. प्रत्येकाच्या कमरेला त्यांनी चष्म्याच्या डबीएवढा पंप अडकवला. त्याची नळी खांद्यावरून आणून गळ्यापाशी एक गोल डबी लावली. त्या डबीत कागदाची चकती होती. माणूस ज्या हवेत श्वास घेतो तीच हवा पंप दिवसभर ओढणार आणि त्यातलं शिसं चकतीवर बसणार, असा सगळा हिशोब. बारक्याने पंप कानाशी नेला आणि हा आपल्या अक्कापेक्षा कमी कुरकुरतो, असं जाहीर केलं. कितीतरी दिवसांनी तो असं काही बोलला होता. अक्काला बरं वाटलं, पण ती ओरडली मात्र.

पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडावं, ही अक्काची रीत. तिने त्या दिवशी बारक्याला चारच्या जागी आठ वेळा झाडायला लावलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि अक्काला वाटलं, आपली टापटीप लिहीत असतील.

पंधरा दिवसांनी बाई कागद घेऊन आल्या. अक्काच्या हवेत शिसं मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. साच्यांवरच्या बायकांचं त्याहून थोडं जास्त, पण मर्यादेत. आणि बारक्याच्या हवेत मर्यादेच्या पाचपट.

अक्का हसलीच. चिठ्ठ्या बदलल्या तुमच्या, म्हणाली. भट्टीवर दिवसभर मी, आणि शिसं त्याच्या गळ्यात? बाईंनी शांतपणे समजावलं. शिसं वितळतं तेवढ्याच तापावर ठेवलं तर त्याचा धूर फारसा होत नाही, जो होतो तो तुमचं धुराडं ओढून घेतं. पण वरची साय म्हणजे शिशाचा गंजच, त्याची पूड हलकी असते, चाळली की उडते, झाडली की पुन्हा उडते. अक्का ऐकत होती, पण पालथ्या घड्यावर पाणी. पंचवीस वर्षं धुराशी वैर धरलेल्या बाईला धुळीचं काय कौतुक? शेवटी त्या दिवशी झाडू जास्त झाला होता, हे बाईंनीच मान्य केलं. नेहमीसारख्या दिवशी पुन्हा मोजू, म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी अक्काने ठरवलं, आपण स्वतः डोळ्यांत तेल घालून पाहायचं. दुपारी तिने भट्टी बंद केली, स्टूल उचललं आणि शेडच्या कोपऱ्यात बारक्यासमोर जाऊन बसली. पंचवीस वर्षांत ती तिथे कधी बसली नव्हती. घमेलं द्यायला यायची आणि पाठ फिरवून भट्टीकडे जायची.

पत्र्याला एक भोक होतं. त्यातून उन्हाची तिरीप नेमकी चाळणीवर पडली होती. बारक्याने चाळणी हलवली आणि त्या उन्हात करडी पूड उठली. वर चढली, त्याच्या छातीशी आली, गळ्यातल्या डबीशी आली, नाकाशी आली. तो श्वास घेत होता आणि ती आत जात होती. त्याच्या भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवर तीच पूड. अक्काला वाटायचं भाऊ लवकर पिकला. रुमाल बांधला होता त्याने नाकाला, पण तोही करडाच.

"थांब," अक्का म्हणाली.

"अजून अर्धं घमेलं आहे."

"थांब म्हणते ना. ऊठ तिथून."

त्याला वाटलं पुन्हा काही चुकलं. तो मुकाट्याने उठला आणि सवयीने झाडू घ्यायला वाकला. अक्काने झाडू त्याच्या हातातून काढून घेतला, पण या वेळी हातावर मारलं नाही.

या खेपेचे आकडे यायच्या आधीच बाईंनी सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. अक्काच्या आणि बायकांच्या रक्तात थोडं शिसं होतं, काळजी घ्या म्हणण्याइतकं. बारक्याच्या रक्तात एवढं होतं की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. पोटातल्या कळा त्यानेच, म्हणाले. सांधे त्यानेच, विसरणं त्यानेच, चिडचिड त्यानेच, तो थकवाही त्यानेच. आजपासून कारखान्यात पाऊल टाकायचं नाही. औषधं घ्यायची, दर महिन्याला रक्त तपासायचं. वेळेवर आलात, उतरेल, पण महिने लागतील.

दवाखान्याबाहेर एक बाकडं होतं. भावजय औषधं आणायला गेली आणि बहीण-भाऊ बाकड्यावर बसले. अक्काने वाटेत ठरवून ठेवलं होतं काय काय सांगायचं ते. चाळणी बंद, साय आता झाकणाच्या पिंपात भरून मोठ्या भट्टीवाल्याकडे द्यायची, जमीन ओल्या फडक्याने पुसायची, कामाचे कपडे कामावरच राहतील. ते सगळं ती बोललीच नाही. आगीतून काढून फुफाट्यात घालतात म्हणतात, ते तिने आपल्या हातांनी केलं होतं, तेही मायेने.

"आईने धुराचं सांगितलं होतं रे," ती म्हणाली. "मी धुरापासूनच जपलं. तो कोपरा मीच दिला तुला."

बारक्याने हातातला डॉक्टरांचा कागद पुन्हा उघडला आणि खालच्या ओळी बोट ठेवून वाचल्या, शाळेत वाचायचा तशा. वाचता वाचता त्याचा चेहरा सैल होत गेला. अक्काला तो चेहरा कळेना. एवढं वाईट लिहिलेलं वाचून कुणाला बरं वाटतं का?

"अक्का," तो म्हणाला, "म्हणजे मी आळशी नव्हतो?"

अक्काने मान हलवली, नाही म्हणून.

"मला वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे," बारक्या म्हणाला. "तू म्हणायचीस ते खरंच वाटायला लागलं होतं. रात्री हिलाही म्हणालो होतो, की अक्काला मी फुकटचा भार झालो."

अक्का रडली. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, वडील गेले तेव्हाही रडली नव्हती तशी. बारक्याने कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. भावजय औषधांची पिशवी घेऊन आली आणि दोघांकडे बघत उभी राहिली. तेव्हा अक्काने तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि तिच्यासमोर, डोळे न पुसताच, सांगितलं की तुझ्या नवऱ्याइतका कामाचा माणूस मी पाहिला नाही, दीड वर्षं मी जे जे बोलले ते सगळं खोटं होतं.

"सगळं नाही," बारक्या म्हणाला. "झाडू मी खरंच वाईट मारायचो."

मग तिघं उठले आणि बारक्याला मध्ये घेऊन हळूहळू घराकडे चालू लागले.