तीस बुचं आणि दोन हात

मी एक जुना ओपनर आहे, मित्रांनो. बाटलीत घट्ट बसलेलं बूच उपटून काढणं हे माझं काम. मधोमध माझं पीळदार टोक आणि दोन्ही बाजूंना दोन हात. टोक बुचात शिरू लागलं की माझे हात आपोआप वर जातात. ते खाली दाबले की बूच बाहेर येतं. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या चकचकीत अंगात समोरच्याचं तोंड दिसायचं. आताही दिसतं, पण कुणाचं ते ओळखू येत नाही.

मला विकत घेतलं एका रेस्टॉरंटमधल्या वाइनवाल्या काकांनी. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन द्यायची, हे काका ठरवायचे. मी त्यांच्या एप्रनच्या खिशात राहायचो, म्हणून रेस्टॉरंटमध्ये एक गुपित फक्त मला ठाऊक होतं. काकांनी जन्मात वाइनचा थेंब चाखला नव्हता! लग्नाच्या वेळी बायकोला तसा शब्द दिला होता. ते बूच नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. बावीस वर्षं लोक माना डोलवत राहिले.

काकांची सात वर्षांची नात कर्णबधिर मुलांच्या शाळेत जायची. ती हातांनी बोलायची. रेस्टॉरंटमध्ये आली की माझे हात वर-खाली करून खुदखुदायची. मला ती फार आवडायची. तिची शाळा लांब, रस्ता चढाचा आणि शाळेला बस नव्हती. म्हणून मालकांनी मदतीची मेजवानी ठरवली. पाच पदार्थ, पाच वाइन आणि शहरातले बडे पाहुणे. पाहुणे खूश होऊन गेले तर बस येणार, नाहीतर मुलांची पायपीट चालूच.

तिथल्या अशा मेजवान्यांत एक खेळ असायचा. बाटलीत कोणती वाइन आहे ते पाहुण्यांनी ओळखायचं. मागच्या खेपेला एका गृहस्थांनी बाटलीला गुंडाळलेल्या रुमालाखाली डोकावून लेबल बघितलं होतं. म्हणून काकांनी यंदा गडद काचेच्या तीसही बाटल्यांची लेबलं कोमट पाण्यात भिजवून काढून टाकली. मग दुपारभर मी तीस बुचं उपटली. वाइनचं नाव बुचावर छापलेलं असतं, म्हणून काकांनी प्रत्येक बाटलीपुढे तिचं बूच ठेवलं आणि कपडे बदलायला गेले. नेमकी त्यांना सकाळपासून सर्दी झाली होती. नाक दगडासारखं बंद.

ते परत आले तेव्हा पाहुणे बसले होते, सूप निघालं होतं आणि साफसफाईच्या मावशी कमरेवर हात ठेवून कौतुकाने बाटल्यांकडे बघत होत्या.

"उघड्या बाटल्यांत माश्या पडल्या असत्या," मावशी म्हणाल्या. "म्हणून मीच बुचं ठोकून बसवली. आणि उंचीप्रमाणे रांग लावली. बघा कशा शहाण्या मुलांसारख्या उभ्या आहेत!"

"कोणतं बूच कोणत्या बाटलीला लावलंत, मावशी?"

"जे हाताला लागलं ते. सगळी सारखीच तर आहेत!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मला एका बुचात फिरवलं. बुचावर नाव होतं माशाबरोबर द्यायच्या फिक्या वाइनचं आणि बाटलीतून आली गडद लाल. माझे हात तर बुचात शिरतानाच वर गेले होते. मी शरण गेलो होतो.

काकांनी देवाचं नाव घेतलं आणि तीच लाल वाइन माशाच्या सूपबरोबर वाढली. मेजवानीच्या अध्यक्षबाईंनी घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले.

"धाडसी निवड!" बाई म्हणाल्या.

"फारच धाडसी," सगळं टेबल म्हणालं.

"पण आमच्याकडे सरबतासारखी गोड आलीय!" पलीकडच्या टेबलावरून एक आजोबा ओरडले.

मी खिशात होतो.  काकांनी एप्रन सारखा केला आणि ते मधोमध जाऊन उभे राहिले.

"बुचांची अदलाबदल झालीय. माझं नाक बंद आहे. आणि खरं सांगायचं तर मी वाइन कधी चाखलेलीच नाही."

 मला वाटलं, गेली बस!

"मग इतकी वर्षं आम्हाला सांगत होतात ते कशाच्या जोरावर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाकाच्या, बाई. आणि अलीकडे तुमच्या चेहऱ्यांच्या. माझ्या नातीला ऐकू येत नाही. तिने मला शिकवलंय, माणूस काय बोलतो ते सोड, चेहरा बघ. आत्ता तुम्ही 'धाडसी' म्हणालात, पण नाक मुरडलंत."

सर्वांत आधी हसल्या त्या अध्यक्षबाईच. मग सगळं दालन हसलं. पुढचे पदार्थ येत गेले तसे लोक आपापल्या खुर्च्या सोडून पेले घेऊन फिरू लागले. कोणती वाइन कोणती यावरून कुणी भांडलं, कुणी पैजा लावल्या. काका फक्त चेहरे बघत होते आणि सांगत होते, "हं, ही जमली!" बस आली, मित्रांनो. तिच्या रंगावरूनसुद्धा पाहुण्यांनी वाद घातला.

पुढे मालकांनी विजेवर चालणारा ओपनर आणला. माझी रवानगी खणात झाली, फुटक्या गाळणीच्या शेजारी. तीन वर्षं मी गंजत पडलो. कुणी हात लावला नाही, आणि याचं मला फार वाईट वाटायचं. मग काका निवृत्त झाले, शाळेच्या बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं आणि जाताना मला खणातून काढून सोबत नेलं. आता मी ड्रायव्हरच्या आरशाला टांगलेला असतो. म्हणून तुम्हाला सांगतो, जुनी वस्तू खणात कोंबण्याआधी एकदा तिचे सांधे हलवून बघा.

बसमध्ये पहिल्या दिवशी नातीने मला हातात घेतलं. माझा एक हात वर झाला, दुसरा कुरकुरत अर्ध्यावर अडकला. तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, मग काकांकडे वळून बोटांनी भराभरा सांगितलं, "आजोबा, हा म्हणतोय, मला तेल द्या."

आणि मी अगदी तेच म्हणत होतो.