बाहीतला फोन

त्या घरात हळू बोलणं म्हणजे आजारपणाचं लक्षण. कुणी दोन वाक्यं खालच्या आवाजात बोललं, की सासूबाई उठून त्याच्या कपाळाला हात लावून बघायच्या. या सगळ्याचं मूळ होतं सासऱ्यांच्या गळ्यात. बाबांनी उभी हयात लिलावघरात बोली पुकारण्यात घालवली होती. कपाटं, झुंबरं, बंद पडलेले पियानो, काय वाट्टेल ते विकलं, आणि तेही कर्णा न वापरता. पुढे ते निवृत्त झाले, गळा मात्र कामावरच राहिला. जेवताना त्यांनी मीठ मागितलं तर शेजारीण बरणी घेऊन दारात यायची, आता बोला! त्यांच्यापर्यंत पोचायचं म्हणून सासूबाईंचा आवाज चढला आणि सासूबाईंच्या वर निघायचं म्हणून थोरल्या जाऊबाईंचा. दोघे मुलगे दिवसभर कामावर, ते सुटले बिचारे.

अशा घरात धाकटी सून आली ती घड्याळजी मामांच्या घरून. मामांनी तिला वाढवलं, काही कमी पडू दिलं नाही. पण मामा डोळ्याला भिंग लावून बसले की घरात कुणी बोलायचं नाही. बोललं की त्यांचा हात हलायचा आणि केसाएवढा स्क्रू कुठेतरी उडायचा. मग तो शोधायला सगळे जमिनीवर ओणवे. त्यामुळे धाकटी लहानपणीच चमचासुद्धा न वाजवता जेवायला शिकली होती. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिला वाटलं, खाली भांडण जुंपलंय. घाबरून ती जिन्यातच बसली. नंतर कळलं, टॉवेल कुठे वाळत घालायचे याची चर्चा चालली होती. सुरुवातीला तिचे कान दुखले, मग सरावले, आणि पुढे तर अशी गत झाली की बाजारातून येताना गल्लीच्या तोंडाशी बाबांचा आवाज आला नाही, तर तिच्या जिवाला घोर लागायचा.

धाकटीच्या हातात विणकामाची कला होती. परगावच्या एका साप्ताहिकाने तिला सदर दिलं: दर आठवड्याला एक नवा नमुना, किती टाके घ्यायचे, कुठे सुलट, कुठे उलट, सगळं फोडून सांगायचं. संपादकबाई मोठ्या हौशी. म्हणाल्या, टपाल नको, आम्ही कॉम्प्युटर घेतलाय, तुम्हीही घ्या. हे ऐकल्यावर बाबा कसले थांबतात! टोपी चढवून तडक जुन्या लिलावघरात गेले. जन्मभर दुसऱ्यांना बोली लावायला लावली, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः लावली आणि एक जुना घरगुती कॉम्प्युटर, वर मोडेम, असं घेऊन आले. गल्लीत शिरल्यापासून ओरडत होते, "बाजूला व्हा, माझ्या सुनेचं ऑफिस येतंय!"

मोडेम म्हणजे काय, तर चपलेच्या खोक्याएवढा डबा आणि त्याच्या माथ्यावर रबराच्या दोन वाट्या. नंबर फिरवायचा, पलीकडून शीळ आली की फोनचा रिसीव्हर त्या वाट्यांत पालथा घालायचा. मग हा डबा रिसीव्हरमध्ये शीळ घालणार, पलीकडचा उलट शीळ घालणार, आणि त्या शिळांमधून अक्षरं जाणार. बुधवारी दुपारी संपादकबाई त्यांच्या मशीनपाशी बसत, त्याच वेळी पाठवायचं.

पहिल्या बुधवारी मजकूर गेला, पण त्यात मधेच कंस, उद्गारचिन्हं, भलतीच अक्षरं. संपादकबाईंनी निस्तरून घेतलं. दुसऱ्या बुधवारी घोळ झाला तो कुणाच्या लक्षातच आला नाही, कारण या वेळी आकड्यात आकडा घुसला होता. 'बाहीला बासष्ट टाके' असं धाकटीने पाठवलं, छापून आलं एकशे बासष्ट. बाकीच्या वाचकांनी चूक ओळखली असेल, पण एक बाई छापलेल्या शब्दावर प्राणापलीकडे श्रद्धा ठेवणारी निघाली. पुढचे तीन-चार बुधवार संपादकबाई कंस निस्तरत राहिल्या, तोवर तिने तसाच स्वेटर विणला, वर रागारागाने साप्ताहिकाला पाठवून दिला, आणि संपादकबाईंनी तो धाकटीकडे रवाना केला. अहो, काय ते ध्यान! अंग माणसाचं आणि बाह्या हत्तीच्या. जाऊबाईंनी एका बाहीत डोकं घालून बघितलं, तर खांदेसुद्धा आत गेले.

घर हसून हसून लोळलं. धाकटीही हसली, पण मागोमाग संपादकबाईंचा फोन आला. "तुमचे नमुने उत्तम असतात हो," त्या म्हणाल्या, "पण वाचक आता मला शिव्या घालतायत. या बुधवारी मजकूर स्वच्छ आला तर ठीक. नाहीतर सदर बंद करावं लागेल."

धाकटीने फोन ठेवला आणि त्या हत्तीच्या बाह्यांची घडी घालत बसली. दर आठवड्याला त्या पानावर जे छापून यायचं, ते म्हणजे तिने जन्मात पहिल्यांदा चार लोकांत उठून बोलल्यासारखं होतं.

मग काय, सगळं घर मदतीला धावलं. सासूबाईंनी रबरी वाट्या साबणाने धुतल्या. जाऊबाईंनी फोनची तार ओढून बघितली, टेबल खिडकीपासून हलवलं, परत खिडकीपाशी नेलं. बाबा शेजारी उभे राहून प्रत्येक गोष्टीची सूचना पुकारत होते. कशाने फरक पडेना. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॉम्प्युटर उघडला, फुंकर मारली, बंद केला, आपल्या दुकानातल्या मशीनचा नंबर फिरवून दाखवला. मजकूर लख्ख! तो गेला, धाकटीने पुन्हा करून पाहिलं, आणि पडद्यावर परत कंसांचा कचरा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पुन्हा लख्ख. गेला, पुन्हा कचरा.

"मशीनला तुमचं घर आवडत नाही," तिसऱ्यांदा पिशवी उचलताना तो म्हणाला. "मी असलो की सरळ वागतं."

आता यात एक गोम होती. लिलावघराचा एक रिवाज असतो. पारखी माल बघायला आला, की पुकारणाऱ्याने तोंडाला कुलूप लावायचं, हूं की चूं करायचं नाही, माल स्वतःच बोलला पाहिजे. बाबांच्या हाडात हा रिवाज मुरलेला. त्यामुळे दुरुस्तीवाला दारात आला रे आला, की बाबा ओठांवर बोट ठेवून भिंतीला टेकायचे, आणि ते गप्प म्हणजे सगळं घर गप्प. घरातल्या कुणालाच यात काही विशेष वाटलं नाही.

मंगळवारी सकाळी धाकटी एकटीच रिसीव्हर वाटीत घालून पडद्याकडे बघत बसली होती. स्वयंपाकघरात बाबांना शिंक आली. बाबांची शिंक म्हणजे शिंक नव्हे, दवंडी होती. त्याच क्षणी पडद्यावर चार कंस आणि एक नऊ उमटला. धाकटी दचकली. कुकरची शिट्टी झाली, तशी उद्गारचिन्हांची रांग. जाऊबाई कशावर तरी हसल्या, त्यांच्या हसण्याइतकीच लांब अक्षरांची माळ. तिने स्वतः हळूच टाळी वाजवली. एक टिंब. रबराच्या वाट्या सैल होत्या, आणि घरातला आवाज मोडेम बिचारा शीळ समजून इमानाने लिहून घेत होता!

धाकटी आधी खुदकन हसली. मग तिचं हसू मावळलं. आता हे सांगायचं कसं? बाबांनी हौसेने आणलेल्या मशीनचा रोग म्हणजे बाबांचाच आवाज, हे कुठल्या तोंडाने बोलायचं? आणि समजा सांगितलं, तर दर बुधवारी या घरात सगळे चमचा न वाजवता जेवणार. म्हणजे तिने इथेही मामांचं घर करून ठेवायचं. नको बाई, तिला वाटलं, त्यापेक्षा गेलं सदर खड्ड्यात. पण सदर खड्ड्यात जाऊ द्यायचीही तिची तयारी नव्हती.

न राहवून तिने जाऊबाईंना माडीवर नेऊन सांगितलं. "ताई, तुम्हाला माझी शपथ, कुणाला बोलू नका."

"छे गं, बाबांच्या आवाजाने मजकूर बिघडतो हे मी कुणाला सांगेन का, वेडी का काय!" जाऊबाई म्हणाल्या. पण जाऊबाईंच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, आणि त्यांची कुजबुज म्हणजे इतरांचं भाषण. त्या "छे गं" म्हणाल्या तेव्हाच खाली सासूबाईंनी शिवणयंत्राचं चाक थांबवलं होतं.

बुधवार उजाडला तो वेगळाच. धाकटी खाली आली, तर घरात चिटपाखरू नसल्यासारखं. सासूबाई भाजी चिरत होत्या, पण विळीऐवजी सुरीने, मांडीवर टॉवेल पसरून त्यावर. जाऊबाई अनवाणी. कुकर लावलेलाच नाही. जेवायला बसले तर बाबांनी मीठ मागितलं नाही, नुसतं बोट दाखवलं. त्यांचा तो भलाथोरला चेहरा, आणि गळ्याशी अडवून धरलेला आवाज. घास चावतानासुद्धा ते जपून चावत होते.

धाकटीला समोरचं ताट दिसेना. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तिला ऐकू आली, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. एकाएकी ती ओरडली, "बोला ना कुणीतरी! असं नका करू! मला नकोय ते सदर!"

त्या घरात धाकटीचा आवाज एवढा कधी चढलाच नव्हता. सगळे घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

"मी मुक्या घरातून आले हो," ती रडत रडत म्हणाली, "परत तिथे जायचं नाहीये मला."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण तोंडभर हसू पसरत होतं.

"शाबास!" त्यांनी आरोळी ठोकली, आणि ताटं थरथरली. "याला म्हणतात आवाज! अगं, काल ऐकल्यापासून दम कोंडून बसलोय मी, मरायला टेकलो होतो. वेडे, आधी नाही का सांगायचं? नाजूक माल असला तर आम्ही काय बाजार बंद ठेवायचो? काचेची झुंबरं विकलीयेत मी! माल गुंडाळायचा असतो, माणसं नाही!"

"कशात गुंडाळणार?" सासूबाई ओरडल्या. त्यांनाही सुटल्यासारखं झालं होतं.

जाऊबाई उठल्या आणि तो हत्तीच्या बाह्यांचा स्वेटर घेऊन आल्या.

धाकटीने डोळे पुसले. मोडेम, त्यावर रिसीव्हर, असं सगळं एका बाहीत अलगद सरकवलं. सगळं मावून बाही वर उरली. उरलेलं अंग भोवती लपेटलं आणि दुसऱ्या बाहीने वरून गाठ मारली. मग बाबा त्या गाठोड्यापाशी उभे राहिले, छाती भरून घेतली आणि एका काल्पनिक कपाटाची बोली पुकारायला लागले. सासूबाईंनी शिवणयंत्र पिटाळलं. जाऊबाईंनी पातेल्यावर पळी आपटली. शेजारीण मिठाची बरणी घेऊन धावत आली.

पडदा कोरा. एक टिंबसुद्धा नाही!

संपादकबाईंची वेळ झाली होती. धाकटीने गाठोडं सोडलं, नंबर फिरवला, शीळ आली तसा रिसीव्हर वाटीत घालून पुन्हा गाठ मारली आणि मजकूर सोडला. ओळ, मग ओळ. टाके बासष्टचे बासष्ट, छत्तीसचे छत्तीस. भोवती सगळे मनसोक्त कलकलाट करत होते. फक्त बाबांना काही दम निघेना. शेवटची ओळ पडद्यावरून सरकली, तशी त्यांनी घाईघाईने बाहीच्या तोंडात मान घातली आणि विचारलं, "गेलं का गं?"

"बाबा!" धाकटीने कपाळावर हात मारला.

थोड्या वेळाने फोन वाजला. घर पुन्हा गप्प झालं, पण या वेळी ते गप्प बसणं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"अगदी स्वच्छ आलाय हो मजकूर," संपादकबाई म्हणाल्या. "सगळे आकडे दोनदा तपासले. सदर चालू राहील, काळजी करू नका. फक्त एक विचारायचं होतं. अगदी शेवटी, तुमच्या नावाच्या खाली, काही कंस आहेत, एक उद्गारचिन्ह आणि तीन सात. ती चूक आहे ना? खोडून टाकते."

धाकटीने मागे वळून पाहिलं. बाबा चोरासारखे दाराआड उभे होते, डोक्याला लोकरीचा धागा चिकटलेला.

"नका खोडू," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला तिचा. "ते आमचे बाबा आहेत."

पुढच्या आठवड्यात अंक आला. बाबांनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं, धाकटीच्या नावाखाली बोट ठेवून कंस, उद्गारचिन्ह आणि तीन सात नीट वाचून काढले. मग नाराज होऊन त्यांनी मान वर केली.

"अर्ध्या ओळीत मावलो?" त्यांनी गरजून विचारलं. "पुढच्या बुधवारी जरा मोठ्याने बोलतो."