आईला घेता न येणारं नाव

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. नारीनच्या डोंगरात देवदाराच्या जातीची सुवासिक झाडं होतात, त्यांच्या लाकडातून मला असनालीच्या वडिलांनी घडवलं. त्यांचं नाव बातिरबेक, म्हणजे शूरांचा सरदार. माझ्या दांड्यावर त्यांनी मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कोरली. असनाली माझ्यातच वाढला, पुढे त्याचा मुलगाही. आयाबाया दांड्यावरून हात फिरवून म्हणायच्या, "पाळणा गुणाचा आहे हो." तेव्हा मी अगदी फुगून जायचो.

मग असनालीची सून गुलझूरा आली. तिच्या पहिल्या मुलाचं नाव आजोबांनी तेमिरबेक ठेवलं, तो लोखंडासारखा टिकावा म्हणून. तो थंडीत गेला. दुसरा अल्तिनबेक, सोन्याचा. तोही गेला. गावानं दोष मला दिला आणि माझी रवानगी गोठ्यात झाली. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. मी बिचारा लाकडाचा, मी काय केलं होतं? पण दोन लेकरं माझ्याच कुशीत गार पडली, हे मलाही विसरता येत नाही.

तिसरा मुलगा झाला तेव्हा शेजारची म्हातारी बुबुश आपा म्हणाली, "याला कुत्र्यामांजराचं नाव ठेवा. मरणाची नजर जाणार नाही."

"माझ्या नातवाला कुत्रा म्हणू?" असनाली हट्टाला पेटला. "माझ्या वडिलांचं नाव ठेवणार. त्यांच्याच पाळण्यात झोपेल तो."

मला धुऊन, धुरी देऊन घरात आणलं आणि बाळाच्या कानात बातिरबेक हे नाव सांगितलं. एक गोष्ट मात्र म्हाताऱ्याच्या ध्यानातच आली नाही. आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडानं घेत नाही, मेलेल्यांचंसुद्धा. गुलझूरा आपल्याच लेकाला "ए छोट्या" म्हणायची.

वसंतात त्याला ताप भरला. बाप कळप घेऊन दूर कुरणावर गेलेला. एका दुपारी बाळानं दूध ओढायचं सोडलं. डोळे अर्धे मिटलेले.

बुबुश आपा म्हणाली, "जीव बाहेर हिंडतोय त्याचा. आईनं नावानं बोलावलं तरच माघारी फिरतो. मार हाक, पोरी."

गुलझूरानं सासऱ्याकडे पाहिलं. तिचे ओठ नुसतेच हलले. "छोट्या, ये रे," ती कशीबशी म्हणाली.

"छोटे घरोघर आहेत. त्याला कसं कळणार?" म्हातारी म्हणाली.

गुलझूरानं माझा दांडा गच्च धरला. "मामंजी, मला उच्चारता येईल असं एखादं नाव द्या हो. त्या दोघांना निदान हाका तरी मारल्या मी. याला हाकेशिवायच जाऊ देऊ?"

असनालीनं माझ्यावरच्या नक्षीवरून एकदा हात फिरवला आणि बुबुश आपाला अंगणात जाऊन खिडकीखाली उभं राहायला सांगितलं. मग बाळ पडू नये म्हणून त्याला बांधतात ते माझे पट्टे त्यानं स्वतः सोडले, बाळाला उचललं आणि खिडकीतून बाहेर बुबुश आपाच्या हातात दिलं. "घेऊन जा," तो म्हणाला. "आमच्या घरचा नाही हा."

तिनं बदल्यात एक भाकरी आत दिली. गुलझूरा तीच भाकरी घेऊन धावत बाहेर गेली.

"या भाकरीच्या बदल्यात बाळ देता का हो आपा?"

"देते बाई. नाहीतरी रडका आहे." म्हातारीनं बाळ तिच्या कुशीत ठेवलं. "याचं नाव सतिबाल्दी. विकत घेतलेला. मरणानं या घरचं पोर मागितलं तर सांगा, हे बाहेरून आणलंय."

बाळाला पुन्हा माझ्यात निजवून गुलझूरा दारात उभी राहिली. "सतिबाल्दी! घरी ये रे, सतिबाल्दी!" गावची कुत्री भुंकू लागली. म्हातारा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि तोही तेच नाव घेऊन हाका मारू लागला.

मित्रांनो, पाळण्याला बोल लावू नका, त्याचे पट्टे तेवढे वेळच्या वेळी बदला. आणि नाव ठेवताना आईला आधी विचारा. ते थोर नसलं तरी चालेल, दाटलेल्या गळ्यातून बाहेर पडलं पाहिजे.

ऊन कलताना माझ्या कुशीत बारीकसं रडणं ऐकू आलं. बुबुश आपा ओरडली, "अगं, आला तो, आता पुरे." पण गुलझूराला थांबताच येईना. घसा पार बसला तरी ती आपल्या लेकाला नावानं हाका मारतच राहिली.